पोषणज पांडुरोग व परिचर्या-शिक्षण

आहारातील आवश्यक घटकांच्या न्यूनतेमुळे रक्तातील तांबड्या कोशिका किंवा त्यांतील हीमोग्लोबिन कमी होते, तेव्हा त्या अवस्थेस पोषणज पांडुरोग म्हणतात. परिचर्येच्या विद्यार्थिनींना या विकाराच्या संदर्भात लोह, फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व हे तीन घटक एकत्र शिकविले जातात. त्यांपैकी फॉलिक अम्लाच्या शोधाचा प्रारंभ मुंबईत, तोही सामान्य कष्टकरी स्त्रियांच्या आजारातून झाला.

आहार हा शुश्रूषेचा भाग आहे, हा विचार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नोट्स ऑन नर्सिंग (१८५९) या पुस्तकात रुग्णाच्या आहारावर दोन प्रकरणे आहेत. मात्र त्या वेळी जीवनसत्त्वांची कल्पनाच नव्हती. त्यामुळे रुग्णाने काय खावे हे अनुभवाने सांगता येई, का खावे हे सांगता येत नसे.

१९२६ मध्ये अमेरिकेत जी. आर्. मायनट व डब्ल्यू. पी. मर्फी यांनी मारक पांडुरोगाचे रुग्ण भरपूर यकृत खाऊ घातल्याने सुधारतात, असे दाखविले. याच सुमारास मुंबईतील गर्भिणींमध्ये तशाच स्वरूपाचा तीव्र पांडुरोग आढळत होता. त्यात तांबड्या कोशिका संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत व अनेक स्त्रिया प्रसूतीच्या सुमारास दगावत. गिरणी कामगारांच्या कुटुंबांत हा विकार विशेष होता. त्याच्या अभ्यासासाठी लूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्रज वैद्य १९२८ मध्ये मुंबईत आल्या व हाफकिन संस्थेत काम करू लागल्या.

विल्स यांचे पहिले महत्त्वाचे काम प्रयोगशाळेबाहेरचे होते. कोणत्या थरातील स्त्रिया काय व किती खातात याची त्यांनी पाहणी केली. सर्वांत निकृष्ट आहार असलेल्या गरीब मुस्लिम स्त्रियांत विकाराचे प्रमाण सर्वाधिक आढळले. आतड्यातील जंतुसंसर्ग हे कारण असावे, हा तर्क त्यांनी तपासून बाजूस ठेवला. त्या स्त्रियांसारखाच आहार पांढऱ्या उंदरांना दिला असता तेही पांडुरोगी झाले आणि यीस्टच्या अर्काने तो टळला. (या उंदरांना उवांमार्फत पसरणारा एक जंतुसंसर्गही होता, हे पुढे लक्षात आले.) माकडांवर केलेल्या प्रयोगांनी मात्र आहारन्यूनतेचा संबंध भक्कम केला.

यीस्टचा हा अर्क म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात तो ‘मार्माइट’ हा काळसर, खारट पदार्थ होय. तो दिल्यावर मरणोन्मुख गर्भिणी थोड्याच दिवसांत सुधारू लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. यकृताचा अर्क महाग होता. यीस्टचा अर्क स्वस्त होता. गरिबांच्या रोगावर गरिबांना परवडेल असे औषध सापडावे, हे वैद्यकाच्या इतिहासात नेहमी घडत नाही. मारक पांडुरोगावर गुणकारी ठरणारा शुद्ध यकृत-अर्क या विकारात उपयोगी पडत नाही, असे विल्स यांना पुढे आढळले. म्हणजे येथे दुसराच घटक कार्य करीत होता. त्यास ‘विल्स घटक’ असे नाव मिळाले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक अम्ल म्हणू लागले. १९४५ मध्ये त्याचे संश्लेषण झाले आणि विल्स घटक तो हाच, हे स्पष्ट झाले.

ब१२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले. या दोहोंतील भेद परिचारिकेने नीट समजून घेणे अगत्याचे आहे. ब१२ च्या न्यूनतेत केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते, पण मेरुरज्जू व तंत्रिकांचा ऱ्हास चालूच राहतो. रक्ततपासणीचा अहवाल बरा दिसत असताना रुग्णाच्या पायांना मुंग्या येतात व चालताना तोल जातो. ब१२ नैसर्गिक रीत्या केवळ प्राणिज अन्नात मिळते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांसारख्या उपनगरांत शाकाहारी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथे काम करणाऱ्या परिचारिकेने गर्भिणीस दूध-दही किती मिळते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पालेभाजी खाता का, एवढे विचारून भागत नाही. पालेभाजीबाबतही शिजविण्याची रीत पाहावी लागते. फॉलिक अम्ल पाण्यात विरघळते व उष्णतेने नाश पावते. भाजी चिरून धुतली, पुष्कळ पाण्यात शिजविली व ते पाणी ओतून दिले, तर त्यातील बराच अंश वाया जातो.

भारतात सर्वाधिक आढळणारी न्यूनता लोहाची आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून गर्भिणींना लोह व फॉलिक अम्ल यांची एकत्र गोळी दिली जाते. सध्याच्या गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते आणि ती दररोज याप्रमाणे १८० दिवस घ्यावयाची असते. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२·२ टक्के गर्भिणी पांडुरोगी आढळल्या. मळमळ, बद्धकोष्ठता व शौचाचा काळा रंग यांमुळे पुष्कळ स्त्रिया गोळ्या मध्येच सोडतात. चहाबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण घटते. या गोष्टी औषधाच्या पाकिटासोबत कोणी तरी समजावून सांगाव्या लागतात आणि बहुधा ते काम परिचारिकेकडेच येते.

फॉलिक अम्लाचा आणखी एक उपयोग १९९१ मध्ये सिद्ध झाला. गर्भाच्या मेंदूची व मेरुरज्जूची जन्मजात व्यंगे त्याने मोठ्या प्रमाणात टळतात. परंतु ज्या नलिकेपासून हे अवयव बनतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची कल्पनाही नसते. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी तिसऱ्या महिन्यात आलेल्या स्त्रीच्या बाबतीत ही वेळ टळून गेलेली असते. म्हणून गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीने आधीपासूनच दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल घ्यावे, असा सल्ला दिला जातो.