ड्राइव्ह मोड स्विच : बिघाड व निदान

ड्राइव्ह मोड स्विच : मोटारगाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग इत्यादींचे वागणे चालकाच्या गरजेनुसार बदलण्यासाठी दिलेले बटण, खटका किंवा फिरवण्याचा नॉब. तो सहसा गिअरच्या दांड्याजवळ, सेंटर कन्सोलवर किंवा स्टिअरिंगवर असतो. इको, सिटी किंवा नॉर्मल आणि स्पोर्ट हे नेहमीचे मोड होत. काही गाड्यांत ओला रस्ता, खडबडीत वाट, वाळू, चिखल किंवा बर्फ यांसाठी वेगळे मोड असतात.

हा स्विच स्वतः गाडीत काहीही बदलत नाही. तो फक्त चालकाची मागणी नोंदवतो. ती मान्य करायची की नाही हे कंट्रोल युनिट ठरवते आणि प्रत्यक्ष बदल इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांची आपापली युनिटे करतात. म्हणून मोड बदलत नसला की स्विचच गेला, असे धरून चालता येत नाही. मागणी या साखळीत नेमकी कुठे अडली, हे शोधून काढणे म्हणजे या बिघाडाचे निदान.

पूर्वपीठिका : १९८० च्या दशकात काही जपानी व जर्मन गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला काटकसरीची आणि जोमदार अशा दोन चाली निवडण्याचे बटण आले. त्याचा परिणाम गिअर कधी बदलायचा एवढ्यापुरता होता. पुढे ॲक्सिलरेटर पेडल व थ्रॉटल यांना जोडणारी केबल जाऊन तिथे सेन्सर व मोटर आली. स्टिअरिंगलाही विजेची मोटर लागली. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या कॅन जाळ्यामुळे गाडीतील युनिटे एकमेकांशी बोलू लागली. या तीन बदलांमुळे एकाच बटणाने अनेक यंत्रणांचे वागणे एकदम बदलणे शक्य झाले. २००४ मध्ये आलेल्या फेरारी एफ४३० च्या स्टिअरिंगवर ‘मानेत्तिनो’ हा निवड-नॉब होता. त्याच वर्षीच्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ मध्ये जमिनीचा प्रकार निवडणारी ‘टेरेन रिस्पॉन्स’ यंत्रणा आली.

भारतात टाटा झेस्टच्या पेट्रोल गाडीने २०१४ मध्ये इको, सिटी, स्पोर्ट हे तीन मोड सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले. रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनमध्ये हेच तीन मोड आले. चाकणला बनलेल्या महिंद्र एक्सयूव्ही७०० च्या डिझेल गाड्यांत मोडना झिप, झॅप, झूम अशी नावे आहेत. त्यामुळे या स्विचची तक्रार आता छोट्या गावातल्या गॅरेजातही येते.

रचना व प्रकार : (१) दाबून सोडण्याचे बटण. दाबल्यावर क्षणभर संपर्क जुळतो आणि युनिट पुढचा मोड निवडते. (२) रोधमालिकेचे बटण. एकाच तारेवर अनेक बटणे असतात आणि प्रत्येकाचा रोध वेगळा असतो. कोणते बटण दाबले, हे युनिट तारेवरच्या व्होल्टेजवरून ओळखते. (३) फिरता नॉब. काहींत प्रत्येक खाचेला वेगळा संपर्क असतो. काहींत दोन स्पंदमालिका थोड्या अंतराने निघतात आणि त्यांच्या क्रमावरून फिरवण्याची दिशा कळते. (४) लिन जोडणीचे पॅनेल. अशा पॅनेलमध्ये छोटे सर्किट असते व ते एकाच तारेवरून बॉडी कंट्रोल मॉड्यूलला संदेश पाठवते.

कोणत्याही प्रकारात स्विचमधून जाणारा प्रवाह अगदी थोडा, मिलिॲम्पियरमध्ये असतो. हेडलाइट किंवा हॉर्नच्या जुन्या स्विचमध्ये मोठ्या प्रवाहामुळे संपर्कबिंदू जळत. इथे तसे होत नाही. मात्र प्रवाह क्षीण असल्यामुळे संपर्कावर धूळ, गंज किंवा चहा-सरबताचा चिकट थर जमला, तर तो भेदला जात नाही. या स्विचचे बहुतेक बिघाड अशा मळामुळे, ओलाव्यामुळे आणि सैल पिनांमुळे होतात.

बिघाड नसलेल्या तक्रारी : निदानाआधी गाडीची माहितीपुस्तिका वाचावी, कारण काही तक्रारी मुळात बिघाडाच्या नसतात. सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे ‘गाडी बंद करून चालू केली की स्पोर्ट मोड आपोआप जातो’. अनेक गाड्या इग्निशन चालू होताच मूळ मोडवर येतात, कारण इंधनवापर व प्रदूषणाच्या जागतिक चाचणीपद्धतीत गाडी सुरू होताना दर वेळी आपोआप निवडल्या जाणाऱ्या मोडला विशेष महत्त्व आहे. काही गाड्या मात्र शेवटचा मोड लक्षात ठेवतात. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे तेल थंड असताना, रिव्हर्स गिअरमध्ये, क्रूझ कंट्रोल चालू असताना किंवा फोर-लो गिअर लावलेला असताना काही गाड्या मोड बदलू देत नाहीत. मोडमधला फरक किती जाणवतो, हेही गाडीगणिक वेगळे असते. काहींत फक्त पेडलचा प्रतिसाद व एसीचा भार बदलतो, काहींत स्टिअरिंगचा जडपणा आणि गिअर बदलण्याची वेळही बदलते.

लक्षणांवरून अंदाज : हत्यार हातात घेण्यापूर्वी इग्निशन चालू करून बटण दाबावे आणि मीटरच्या पडद्यावर काय दिसते ते पाहावे.

पडद्यावर ‘मोड उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर निदानाचा अर्धा भाग तिथेच संपतो. मागणी युनिटपर्यंत पोहोचली आणि युनिटने ती नाकारली, असा त्याचा अर्थ. स्विच व त्याची तार यांना हात लावण्याचे कारण उरत नाही. नकाराचे मूळ इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस किंवा ईएसपी यांच्या नोंदलेल्या दोषात शोधावे. इंजिनाचा दिवा लागलेला असेल किंवा गाडी मर्यादित शक्तीच्या अवस्थेत गेली असेल, तर मोड बंद होणे हा परिणाम आहे, मूळ दोष वेगळा आहे.

पडद्यावर मोड बदलला पण गाडी तशीच चालली, तरीही स्विच निर्दोष आहे. शोध मोड अमलात आणणाऱ्या युनिटांकडे वळवावा.

पडद्यावर काहीच हालचाल झाली नाही, तर संशय स्विच, कनेक्टर, तार किंवा मागणी वाचणाऱ्या युनिटवर जातो. त्याच पॅनेलवरील इतर बटणेही मेलेली असतील, तर सामायिक पुरवठा, अर्थिंग, कनेक्टर किंवा लिनची तार तपासावी. एकच बटण मेलेले असेल, तर दोष बहुधा त्या बटणातच असतो. बटणातला दिवा लागत नाही पण मोड बदलतो, तर दोष फक्त प्रकाशाच्या सर्किटात आहे.

मोड आपोआप बदलतो, दोन पायऱ्या उडी मारतो किंवा इको दाबल्यावर स्पोर्ट येतो, ही मळलेल्या संपर्काची किंवा वाढलेल्या रोधाची खूण आहे. बटण अडकून दाबलेलेच राहिले, तर अनेक युनिटे ठरावीक वेळेनंतर त्याला अडकलेले समजतात आणि इग्निशन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. ‘सकाळी चालते, नंतर बंद पडते’ या तक्रारीमागे हे कारण असू शकते.

तपासणीचा क्रम : (१) बॅटरी व फ्यूज. विश्रांत अवस्थेत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवते. दाब कमी असेल, तर अनेक युनिटे खोटे दोष नोंदवतात. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नये, मीटरने तपासावा.

(२) स्कॅनर. गाडीतील सर्व युनिटे वाचणारा स्कॅनर वापरावा. स्वस्त कोड-रीडर बहुधा इंजिन व प्रदूषण यांच्याशी निगडित ‘पी’ मालिकेचे कोडच दाखवतो. स्विचचा दोष बॉडीच्या ‘बी’ मालिकेत आणि संपर्क तुटल्याचा दोष ‘यू’ मालिकेत असू शकतो. उदाहरणार्थ, यू०१०० म्हणजे इंजिन युनिटशी संपर्क तुटला आणि यू०१४० म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला. कोड पुसण्याआधी सगळे लिहून ठेवावेत, कारण पुसलेल्या कोडबरोबर तो कोणत्या परिस्थितीत आला याची नोंदही जाते.

(३) चालू नोंदी. स्कॅनरवर स्विचची स्थिती दाखवणारी ओळ उघडून बटण पुनःपुन्हा दाबावे. प्रत्येक दाबाला स्थिती बदलत असेल, तर स्विच, तार आणि वाचणारे युनिट तिन्ही ठीक आहेत. अधूनमधून चुकत असेल, तर बटण दाबून धरून कन्सोलखालची वायरिंग हलवावी. ज्या जागी हात लागताच नोंद बदलते, तिथे तुटकी तार किंवा सैल पिन सापडते.

(४) कनेक्टरजवळची मोजणी. कन्सोल काढून कनेक्टरच्या मागच्या बाजूने मीटरची पिन लावावी. तारेच्या आवरणाला भोक पाडू नये, कारण पावसाळ्यात त्याच भोकातून ओलावा शिरून तार आतून सडते. अर्थिंगच्या पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्विच जोडलेला असताना दाबाची घट मोजावी. ती ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी.

रोधमालिकेच्या बटणात ही मोजणी निर्णायक ठरते. समजा, युनिट १,००० ओहम रोधातून ५ व्होल्ट देते, इको बटणाचा रोध ३३० ओहम आणि स्पोर्टचा १,००० ओहम आहे. इको दाबल्यावर तारेवर सुमारे १.२४ व्होल्ट आणि स्पोर्ट दाबल्यावर २.५ व्होल्ट दिसतील. कनेक्टरमधल्या गंजाने मार्गात ६०० ओहमची भर घातली, तर इको दाबूनही २.४१ व्होल्ट येतील आणि युनिट ते स्पोर्ट समजेल. इथे नवा स्विच बसवला तरी दोष तसाच राहील, कारण गंज कनेक्टरमध्ये आहे. प्रत्यक्ष आकडे प्रत्येक गाडीच्या वायरिंग आराखड्यातून घ्यावेत.

(५) सुटा स्विच. कनेक्टर काढून स्विचचा रोध सुटा मोजावा. साध्या बटणात दाबल्यावर तो शून्याजवळ आणि सोडल्यावर अनंत असावा. मधलाच, हेलकावे घेणारा आकडा हा मळाचा पुरावा होय. लिनच्या पॅनेलची परीक्षा अशी होत नाही. तिथे पुरवठा, अर्थिंग आणि लिनच्या तारेवरचे स्पंद पाहावे लागतात. लिनची तार सतत शून्यावर असेल, तर ती कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा एखाद्या युनिटने ती खाली ओढून धरली आहे.

(६) कॅन जाळे. एका मोडच्या तक्रारीसाठी इथवर क्वचितच यावे लागते. मुख्य जाळे बिघडले, तर मीटरवर अनेक दिवे एकदम लागतात आणि गाडी सुरू होण्यातही अडचण येते. तसे असेल, तर बॅटरी काढून १६ पिनांच्या निदान-सॉकेटमधील ६ व १४ क्रमांकांच्या पिनांत रोध मोजावा. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोध समांतर असल्याने तो सुमारे ६० ओहम येतो. १२० आला, तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मध्ये गेटवे (निरनिराळी जाळी जोडणारे युनिट) असलेल्या गाडीत ही मोजणी फक्त गेटवेपर्यंतच्या भागाची असते.

सुरक्षितता : कन्सोलखाली एअरबॅगचे युनिट व वायरिंग असते. पिवळ्या आवरणाच्या किंवा कनेक्टरच्या तारांना मीटर लावू नये. कन्सोल खोलण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरी सोडवावी आणि माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. हायब्रिड व विजेवरील गाड्यांतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना प्रशिक्षित माणसानेच हात लावावा. वॉरंटीतील गाडी घरी खोलू नये.

दुरुस्ती : मळलेला संपर्क इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. पेट्रोल व थिनर प्लास्टिक खातात, म्हणून ते वापरू नयेत. उंदरांनी कुरतडलेली तार नुसती पिळून टेप लावू नये. ती योग्य जाडीच्या तारेने जोडून उष्णतेने आवळणाऱ्या नळीने झाकावी. स्विच बदलायचाच असेल, तर भाग क्रमांक जुळवून घ्यावा, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्विचांचे आतील रोध वेगळे असू शकतात. काही गाड्यांत नवे पॅनेल किंवा युनिट बसवल्यावर कोडिंग करावे लागते, ते न केल्यास नवा भागही निकामी भासतो. शेवटी कोड पुसावेत, इग्निशन अनेकदा बंद-चालू करावे, प्रत्येक मोडमध्ये रस्त्यावर गाडी चालवून पाहावी आणि सर्व युनिटे पुन्हा वाचावीत.

काळजी : कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना लवकर काळवंडतात. कन्सोलवर चहा सांडला, तर साखर आत सुकण्यापूर्वी गाडी गॅरेजात न्यावी. सॅनिटायझर किंवा पॉलिश थेट बटणावर फवारू नये, कपड्यावर घेऊन पुसावे. म्युझिक सिस्टिम किंवा दिवे बसवताना कन्सोलमधल्या तारा कापून जोडण्यास मज्जाव करावा, कारण अशा जोडण्यांतून पुढे अर्थिंगचे दोष उद्भवतात.

निष्कर्ष : ड्राइव्ह मोडच्या तक्रारीत स्विच हा पहिला संशयित असतो, पण दोषी तोच असेल असे नाही. पडद्यावरचा संदेश, स्कॅनरची चालू नोंद आणि कनेक्टरवरचे व्होल्टेज या तीन पुराव्यांशिवाय स्विच किंवा महागडे युनिट बदलणे म्हणजे ग्राहकाच्या पैशाने अंदाज बांधणे होय. गाडीमालकाने भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी हे तीन पुरावे मागावेत. ते दाखवणे हे मेकॅनिकचे कर्तव्य आहे.