रूळ कोणाचे, दोष कोणाचा? : ब्रिटिश रेल्वेचे विभाजन आणि दोन कलाकृती

रेल्वेत स्पर्धा आली की शासकीय नियमन मागे सरते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ब्रिटनचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. खासगी कंपन्यांच्या भरभराटीच्या काळातच, १८४४ साली, तेथील संसदेने नव्या कंपन्यांवर तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी रोज किमान एक गाडी सोडण्याचे आणि मैलामागे एका पेनीहून अधिक भाडे न आकारण्याचे बंधन घातले. त्या काळी रूळ व गाडी बहुधा एकाच कंपनीची असे. जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न नव्हता.

१९४८ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या या रेल्वेचे १९९३ च्या कायद्याने विभाजन झाले. रूळ ‘रेलट्रॅक’कडे, डबे व इंजिने भाड्याने देणाऱ्या तीन कंपन्यांकडे, वाहतूक पंचवीस मक्तेदारांकडे आणि देखभाल कंत्राटदारांकडे गेली. समांतर रूळ टाकून स्पर्धा करणे परवडणारे नसल्याने रुळांच्या मालकावर नियामक नेमावा लागला. गाडीच्या विलंबाचा दोष कोणाचा, हेही करारांनी ठरू लागले. अर्थात स्पर्धेमुळे नियमन वाढले. विभागले गेले ते उत्तरदायित्व.

१७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे रूळ तुटून चौघांचा मृत्यू झाला. त्या रुळातील दोष आधीच ज्ञात होता. तरीही तो बदलला गेला नव्हता. २००१ साली रेलट्रॅक प्रशासकांच्या ताब्यात गेली व २००२ मध्ये तिची जागा ‘नेटवर्क रेल’ने घेतली.

या विभागलेल्या उत्तरदायित्वाचे दोन कलारूपांतर तुलनेस योग्य आहेत. केन लोच यांच्या ‘द नॅव्हिगेटर्स’ (२००१) या चित्रपटाचे लेखक रॉब डॉबर स्वतः रेल्वे कामगार होते. त्यात गाडीची धडक बसलेल्या सहकाऱ्याला मोटारीने उडवले, असे त्याचेच सोबती भासवतात. दोष ढकलण्याची रीत शेवटच्या कामगारापर्यंत झिरपलेली दिसते. डेव्हिड हेअर यांचे ‘द पर्मनंट वे’ (२००३) हे नाटक अधिकारी, अपघातातून वाचलेले आणि मृतांचे आप्त यांच्या मुलाखतींवर उभे आहे. त्याला एक नायक वा एक खलनायक नाही. हा केवळ शैलीचा प्रयोग नव्हे. जेथे उत्तर देणारा एक कोणी उरलेला नाही, तेथे साक्षींची मालिका हाच घाट संभवतो.

२०२४ च्या कायद्याने प्रवासी सेवांचे मक्ते क्रमशः सार्वजनिक मालकीकडे आणण्याचा मार्ग खुला केला. मात्र मालकी एकवटली म्हणजे उत्तरदायित्वही आपसूक एकवटते, असे नाही. त्याची कसोटी करारांच्या भाषेइतकीच साक्षीदारांच्या भाषेतही घ्यावी लागेल.