दुखरे पाय, जागत्या रात्री आणि राज्यघटना (धागा)

१/ बेसा परिसरातून उत्तरेकडे शहरात शिरले की काही किलोमीटरांवर दीक्षाभूमी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा देणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेहाने पार खंगलेले होते. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी त्यांचे निधन झाले. या आजाराची छाया त्यांच्या सर्वांत मोठ्या कामावरही पडली होती.

२/ आधी त्या काळचा मधुमेह समजून घ्यावा लागेल. इन्सुलिनचा शोध १९२१ मधला. पण घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे साधन १९४७ मध्ये नव्हते. लघवीत बेनेडिक्ट द्रावण मिसळून तापवायचे. निळा रंग राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर फार. काचेची सिरिंज उकळून सुई टोचायची. वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप ही उपचाराची दुसरी बाजू.

३/ नेमके तेच बाबासाहेबांना दुर्मीळ होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. शिवाय कायदामंत्रिपद होतेच. पायांत मज्जातंतूंच्या वेदना आणि निद्रानाश, अशा अवस्थेत रात्रीमागून रात्री जात. तरीही २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर झाला.

४/ आहार, औषध आणि इन्सुलिन सांभाळणारे माणूस सतत जवळ हवे, असा डॉक्टरांचा आग्रह होता. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेताना डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. पुढे माईसाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या या डॉक्टरांनी त्यांची पथ्ये आणि औषधोपचार आपल्या हाती घेतले.

५/ एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. विवाहानंतर चारच दिवसांनी, १९ एप्रिल १९४८ रोजी, कर्मचारी राज्य विमा कायद्याला मंजुरी मिळाली. आजारी कामगाराला उपचार आणि रजेच्या काळात पैसे मिळावेत, हा त्याचा गाभा. त्याची पायाभरणी करणारी अडारकर यांची योजना १९४३-४४ मध्ये तयार झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते बाबासाहेबच. १९५४ मध्ये ही योजना गिरण्यांच्या नागपुरात पोहोचली.

६/ इतरांच्या आजारपणाची तरतूद पाहिलेल्या या माणसाला स्वतःला मात्र उसंत नव्हती. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी संविधान सभेत वस्तुस्थिती मांडली. समितीच्या सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी अमेरिकेत होते, कोणी संस्थानाच्या कामात गुंतले होते, तर काही प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर होते. अखेर भार आंबेडकरांवर पडला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

७/ प्रकृतीमुळे सदस्य गैरहजर राहिले, हे सभेने समजून घेतले. आणि ज्याच्यावर भार आला, तोही रुग्णच होता! मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बहुतेक कलमांची बाजू त्यांनीच उभे राहून लढवली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात मात्र त्यांनी बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना आवर्जून दिले.

८/ १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. डॉक्टर सलग महिनाभराचे उपचार मागत आहेत आणि ते आता लांबवता येणार नाहीत. म्हणून हिंदू कोड बिल १६ ऑगस्टला घेऊन १ सप्टेंबरपर्यंत संपवावे, अशी त्यांची विनंती होती. उपचारांची तारीखही त्यांनी विधेयकाच्या तारखेला बांधली होती. विधेयक रखडले. २७ सप्टेंबर रोजी त्यांनी राजीनामा दिला.

९/ दीर्घ आजार असलेला माणूस काम करू शकतो का, हा प्रश्न आजही विचारला जातो. इतिहासाचे उत्तर ‘हो’ असे आहे. पण त्या ‘हो’ची किंमत कोणी मोजली, हेही इतिहास सांगतो. येथे ती रुग्णाच्या देहाने आणि त्याच्या घराने मोजली. म्हणूनच या कथेतून केवळ जिद्दीचा धडा काढणे अपुरे ठरते. आजारी कामगाराला आधार ही मेहरबानी नव्हे, व्यवस्थेचे कर्तव्य आहे, हे तत्त्व कायद्यात आणण्याच्या कामात खुद्द बाबासाहेबांचा हात होता.

१०/ ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या हाताशी होते. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. (समाप्त)