परभणीतलं कर्ज: विद्यार्थ्याचं की घराचं?

समजा, परभणीच्या एखाद्या कॉलेजात तुम्ही प्रश्नावली वाटली: "तुमच्यावर कर्ज आहे का?" मुलगा 'नाही' लिहील. मेसची उधारी, मित्राकडून घेतलेले उसने, वडिलांच्या सातबाऱ्यावरचा बोजा, यांना तो 'कर्ज' म्हणेलच असं नाही. उत्तर खोटं नाही, आपला प्रश्न अपुरा आहे.

या विषयात १९९५ चा डेव्हिस आणि ली यांचा ब्रिटिश विद्यार्थ्यांवरचा अभ्यास तुम्हाला भेटेलच. त्यांना असं दिसलं की कर्ज आधी वाढतं, ते चालवून घेण्याची वृत्ती मागाहून येते. तिथे बँका विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. म्हणजे कर्जाशी त्याची ओळख बहुधा विद्यापीठातच होते.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. तिथला सावकारी कायदा १३४९ फसलीचा. (आकडा पाहून दचकू नका, ५९० मिळवा, म्हणजे साधारण १९३९-४०.) रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या पाहणीत देशभरातल्या शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याच्या आसपास होता. आजोबांच्या पिढीला कर्ज म्हणजे मुख्यतः सावकारच.

१९९८ ला किसान क्रेडिट कार्ड आलं. ठरलेली मर्यादा, लागेल तशी उचल, उचललं तेवढ्यावरच व्याज. म्हणजे जवळपास ओव्हरड्राफ्टच! तो विद्यार्थ्याच्या आधी बापाच्या खात्यावर आला. २००१ च्या शैक्षणिक कर्ज योजनेत पालक सहकर्जदार झाले. २०१४ च्या जनधनमध्ये ओव्हरड्राफ्ट घरटी एकाच खात्याला, तोही शक्यतो घरातल्या बाईच्या.

यातून काय दिसतं? इथे बँकेनंही कर्जदार म्हणून एकटा विद्यार्थी फारसा पाहिलेला नाही, घर पाहिलंय. म्हणून परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी भाषांतरित करू नका. आधी अभ्यासाचं एकक ठरवा: व्यक्ती की कुटुंब? प्रश्न असे ठेवा: "घरात कोणाच्या नावावर काय देणं आहे? ते कोण फेडणार?" आणि हे वर्गात, चारचौघांत विचारू नका. थकबाकीमुळे मराठवाड्यात माणसं गेली आहेत. समोरचा मुलगा त्यातल्याच एखाद्या घरातला असू शकतो. एकट्याला गाठा, आणि उत्तर द्यायचं नसेल तर न देण्याची मोकळीक त्याला आधीच सांगून ठेवा.