वादळाआधी विमानतळ रिकामा करण्याची कुळकथा

हरिकेन किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर असतानाच अमेरिकेतल्या विमान कंपन्या उड्डाणे रद्द करू लागतात, विमाने दुसऱ्या शहरांत हलवतात आणि प्रवाशांना जादा पैसे न घेता तारीख बदलून देतात. वारा सुटण्याआधीच विमानतळ ओस पडतो. ही पद्धत नागरी वाहतुकीत पक्की रुळली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. तिची मुळे मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत जातात.

त्या काळी विमाने आडोशाला ठेवण्यावरही भिस्त असे. 15 सप्टेंबर 1945 रोजी मायामीजवळच्या रिचमंड नौदल तळावर या उपायाची मर्यादा उघडी पडली. वादळ येणार म्हणून इतर ठिकाणची लष्करी आणि खासगी विमाने तिथल्या तीन अवाढव्य लाकडी हँगरांत आणून उभी केली होती. वादळात हँगरांना आग लागली, ते कोसळले आणि साडेतीनशेहून अधिक विमाने व 25 वायुनौका नष्ट झाल्या. विमान वाचवायचे तर ते वादळाच्या वाटेतूनच दूर न्यायला हवे होते आणि त्यासाठी ती वाट आधी कळायला हवी होती.

वाट शोधण्याचे कामही विमानानेच सुरू केले. 27 जुलै 1943 रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनजवळ कर्नल जोसेफ डकवर्थ यांनी एका इंजिनाचे प्रशिक्षण विमान हरिकेनच्या केंद्रात नेले आणि सुखरूप परत आणले. पुढे वादळात विमाने पाठवून हवेचा दाब आणि वारा मोजण्याचा प्रघात पडला. एप्रिल 1960 मध्ये टायरॉस-1 हा हवामान उपग्रह अवकाशात गेला. अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र 1964 पासून तीन दिवसांचा आणि 2003 पासून पाच दिवसांचा अंदाज देऊ लागले. तीन दिवस आधी सांगितलेली वादळाची जागा आज जितकी चुकते, ती 1990 च्या दशकातल्या चुकीच्या निम्म्याहूनही कमी आहे.

अंदाज सुधारला तरी कंपन्या शेवटच्या तासापर्यंत थांबत, कारण रद्द केलेले उड्डाण म्हणजे बुडालेले उत्पन्न. हे गणित बदलले ते हिवाळ्यातल्या एका वादळाने. 14 फेब्रुवारी 2007 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर गारठ्यात जेटब्लूची भरलेली विमाने तासन्‌तास अडकून पडली आणि देशभर संताप उसळला. अशा घटनांनंतर 29 एप्रिल 2010 पासून नवा नियम लागू झाला. देशांतर्गत प्रवासी तीन तासांहून अधिक वेळ उभ्या विमानात अडकले, तर दरडोई 27,500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. आता वाट पाहण्यापेक्षा आधीच रद्द करणे स्वस्त पडू लागले.

ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या वेळी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर दिसली. 27 ऑगस्टला दुपारी 12 वाजता न्यूयॉर्क परिसरातले मोठे विमानतळ येणाऱ्या प्रवासी विमानांसाठी बंद झाले आणि त्याच वेळी शहरातली भुयारी रेल्वेही थांबू लागली. कर्मचारी पोहोचणारच नसतील, तर धावपट्टी कोरडी असूनही उपयोग नसतो. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2012 मध्ये, सँडी वादळात सुमारे 20,000 उड्डाणे रद्द झाली. लागार्डिया विमानतळाच्या धावपट्ट्यांवर समुद्राचे पाणी आले, पण विमाने आधीच हलवलेली असल्याने इतर विमानतळ खुले होताच वाहतूक पुन्हा सुरू करता आली.

या व्यवस्थेत निर्णय एकाच्या हातात नसतो. उड्डाण रद्द करते विमान कंपनी. विमानतळ बंद करते तो चालवणारी संस्था. कंट्रोल टॉवर संघीय विमान वाहतूक प्रशासनाकडे असतात. टॉवरच्या बांधणीनुसार वारा ताशी 55 ते 75 मैलांच्या मर्यादेला भिडू लागला, की नियंत्रक वरची काचेची खोली सोडून खाली उतरतात. कमी वाऱ्यातही आडवा झोत विमानाच्या मर्यादेबाहेर गेला, तर उतरता येत नाही.

वेळेचा हिशेब किती बारीक असतो, हे 6 सप्टेंबर 2017 रोजी दिसले. इर्मा वादळ पोर्तो रिकोवर चाल करून येत असताना डेल्टाचे बोइंग 737 दुपारी 12 च्या सुमारास सान हुआनला उतरले. उतरताना वारा मर्यादेच्या आत होता. सुमारे 40 मिनिटांत 173 प्रवासी घेऊन ते वादळाच्या दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडले. कंपनीचे हवामानतज्ज्ञ आणि उड्डाण नियोजक यांनी ती फट आधीच हेरली होती.

अरबी समुद्रातल्या वादळांमुळे ही पद्धत मुंबईलाही ओळखीची झाली. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ शहराजवळून जात असताना विमानतळ सकाळी 11 वाजता बंद झाला. उघडण्याची वेळ पुन्हापुन्हा पुढे ढकलत रात्री 10 वर गेली. बंद करण्याची वेळ अंदाजावरून ठरवता येते. उघडण्यासाठी मात्र वारा उतरावा लागतो, धावपट्टीवरचे पाणी व कचरा हटवावा लागतो, दिवे आणि उपकरणे तपासावी लागतात आणि हलवलेली विमाने कर्मचाऱ्यांसह परत आणावी लागतात.