कॅमेऱ्याला दम लागायचा

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या गारठ्यातून कॅमेरा घेऊन चूल पेटलेल्या घरात शिरलो, की स्क्रीनवर थेंबाची खूण लुकलुकायची. आत दव धरलेलं असायचं; टेप हलायचीच नाही. कॅसेटचं झाकण उघडं टाकून तासभर बसून राहायचं. मी चॅनेलचा स्ट्रिंगर. स्टोरी लागली तर पैसे, नाहीतर घाटातलं पेट्रोल आपल्याच खिशातून.

आमच्या लहानपणी टीव्हीवरची बातमी म्हणजे प्रदीप भिडे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण मेळघाट त्यात कशाला दिसतो! 1993 साली इथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, ते मुख्यतः वर्तमानपत्रांमुळे. 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी, आणि खाजगी चॅनेलांना जिल्ह्याजिल्ह्यात माणसं लागू लागली. त्या लाटेत लग्नाचे व्हिडिओ काढणारे आमच्यासारखे कितीतरी जण एका रात्रीत पत्रकार झाले. मीही त्यातलाच.

शूट झालं की कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायची, वरून रबर, आत चिठ्ठी : कोण बोलतंय, गाव कोणतं, कोरकूतल्या बोलण्याचा अर्थ काय. मोटरसायकलने घाट उतरून परतवाडा. स्टँडवर ओळखीचा कंडक्टर दिसला की जीव भांड्यात. 'काय हो भाऊ, आज कोन मेलं?' तो विचारायचा. त्यात कुचेष्टा नव्हती; त्याच्या हातून जाणाऱ्या कॅसेटींत बहुधा तेच असायचं. मेळघाटची मागणी वर्षातून दोनदा यायची, पावसाळी अधिवेशनाला नि नागपूरच्या हिवाळीला. एरवी कुपोषण सुट्टीवर.

सेमाडोहच्या बाजूच्या एका पाड्यावर असाच दव सुकायची वाट बघत बसलो होतो. बाई ज्वारीच्या भाकरी थापत होती. मूल गेल्याला आठ दिवस झालेले. तासाभरात तिनं आपणहून सगळं सांगितलं. नदीला पूर, गाडी अलीकडेच थांबलेली, नवरा मजुरीला बाहेरगावी. खूण गेली, मी कॅमेरा उचलला, तर तिनं पदर ओढून मान हलवली. तुला सांगितलं ना, याला कशाला? डेस्कवरून विचारणा झाली, 'आई रडताना मिळेल का?' मी म्हटलं, कॅमेरा ओला झाला. खोटं बोललो, पण अर्धंच.

2007 ला झी 24 तास नि स्टार माझा, 2008 ला आयबीएन लोकमत. चोवीस तास भरायचे म्हटल्यावर एसटीतून येणाऱ्या कॅसेटीसाठी कोण थांबतो? आधी परतवाड्याच्या सायबर कॅफेतून फाइल पाठवायला लागलो, मग मोबाइल आले. आता पोरं भीमकुंडाच्या काठावरून थेट लाइव्ह करतात, रेंज असली तर. चांगलं करतात, हेवा वाटतो. पाड्यावर मात्र दहा मिनिटांत आत-बाहेर. कार्डाला दव धरत नाही.

परवा लोखंडी पेटी उघडली. साठेक कॅसेटी, निम्म्यांवर इथल्या दमटपणाची पांढरी बुरशी. चालवायला यंत्र नाही. एकीच्या लेबलवर माझंच अक्षर : 'सेमाडोह. रिकामी. बाई नको म्हणाली.' तिच्यावर पुन्हा काही शूट का केलं नाही, कोण जाणे. तेव्हा कॅसेट महाग होती.