५.८ किलोमीटरांचा धडा

रस्त्यावरील जागेची वाटणी वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या हिशेबाने व्हावी, असे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मांडले. याच तत्त्वावर २००८ मध्ये दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरांत बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली.

तत्त्व योग्य होते. चुका तपशिलात झाल्या. थांबे रस्त्याच्या मधोमध असल्याने प्रवाशांना रहदारी ओलांडणे भाग पडले. चौकांत मोटारींच्या रांगा लांबल्या. मार्गिकेत घुसणाऱ्या वाहनांना आवरण्यासाठी माणसे नेमावी लागली.

२०१२ मध्ये उच्च न्यायालयाने मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली. तरीही २०१६ मध्ये ती उखडण्यात आली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने कारण उघड आहे. मोटारवाल्याचा खोळंबा सर्वांना दिसतो व ऐकू येतो. बसप्रवाशाची वाचलेली मिनिटे मात्र असंख्य माणसांत विखुरलेली असतात, त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही.

मार्गिकेसोबत ते तत्त्वही बदनाम झाले, हे नुकसान अधिक मोठे. आपण राहता त्या शहरात असा प्रयोग होईल, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा : प्रवासी थांब्यापर्यंत पोहोचणार कसा?